शाळाबाह्य

२०२२ च्या जुलै महिन्यातली गोष्ट आहे. दुपारची वेळ होती, पावसाची रिपरिप चालू होती. दोन शिक्षिका छत्र्या मिटत आमच्या दारात उभ्या राहिल्या. हातात रजिस्टर, गळ्यात ओळखपत्र. त्या वर्षी शाळेत न जाणाऱ्या मुलांचा शोध घेण्यासाठी राज्यभर मोहीम निघाली होती आणि मिरजेत आमच्या मोहल्ल्याची गल्ली त्यांच्या वाट्याला आली होती. आम्ही त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिले.

"घरात शाळेच्या वयाचं कुणी मूल आहे का?"

"एक मुलगी आहे. साडेसहा वर्षांची."

"कुठल्या शाळेत जाते?"

"शाळेत नाही जात. घरीच शिकते. आम्हीच शिकवतो."

थोरल्या बाईंनी मान वर करून आमच्याकडे पाहिले, मग घराकडे, मग पडद्याआड उभ्या असलेल्या मुलीकडे. त्या नजरेत राग नव्हता. सवयीचे दुःख होते. अशी घरे त्यांनी पुष्कळ पाहिली असणार. त्यांनी रजिस्टरात खाली मान घालून लिहिले आणि धाकट्या बाईंना हळूच म्हणाल्या, "शाळाबाह्य."

आम्ही सांगू लागलो. तिला वाचता येते, तीन लिप्या येतात, हिशेब येतो. लेकीने आतून पुस्तक आणून दोन ओळी वाचूनही दाखवल्या. बाई कौतुकाने हसल्या. पण रजिस्टरातला शब्द त्यांनी खोडला नाही. खोडायला तिथे दुसरा रकानाच नव्हता.

त्या गेल्यावर पडद्यामागून दादींचा आवाज आला. दादी म्हणजे लेकीची दादी, आमच्यापैकी एकाची आई आणि दुसरीची सासू. त्या तसबीह फिरवत बसल्या होत्या. म्हणाल्या, "मेरे बाप ने बी मेरेकू घरमेच रख्या था. तुम बी वइच कर रै."

त्या एका वाक्याने आम्हाला जेवढे अस्वस्थ केले तेवढे रजिस्टरातल्या शब्दाने केले नव्हते. हा लेख त्या वाक्याला उत्तर शोधताना लिहिला आहे.

आम्ही दोघेही बंडखोर वगैरे नाही. आमच्यापैकी एक जण छापखान्यात डीटीपीचे काम करतो. लग्नपत्रिका, पावती पुस्तके, उरुसाची पोस्टरे. दुसरीने उर्दूतून डी. एड. केले आहे, लेक व्हायच्या आधी तुटपुंज्या मानधनावर एका शाळेत शिकवत होती. एक जण नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेला, दुसरी उर्दू शाळेत. घरात बोली दखनी. लेकीला घरी शिकवायचे असे आम्ही कधी ठरवलेच नव्हते. ते आमच्या अंगावर येऊन पडले.

लेकीचा जन्म जानेवारी २०१६ चा. चार वर्षे, चार महिने, चार दिवस झाले की आपल्याकडे मुलाची बिस्मिल्लाह करतात. दादींनी चांदच्या महिन्यांनी मोजून तारीख काढली, ती आली एप्रिल २०२० च्या सुरुवातीला. बुंदीची ऑर्डर कुणाला द्यायची, कुठल्या पाहुण्यांना बोलवायचे हे महिनाभर आधी ठरले होते. आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सगळा देश बंद झाला.

बिस्मिल्लाह झाली. घरातले चौघेच होतो. दादींनी लेकीला नवा दुपट्टा ओढवला, मांडीवर बसवले आणि तिच्याकडून शब्द म्हणवून घेतले. बुंदीऐवजी साखर वाटली, तीही एकमेकांतच. गल्लीत पोलिसांची गाडी फिरत होती. त्याच दिवसांत टीव्हीवर निजामुद्दीनच्या मरकजच्या बातम्या सकाळ-संध्याकाळ चालू होत्या. आजार सगळ्या जगात पसरला होता, पण काही वाहिन्यांवर त्याला जणू आमचेच आडनाव लागले होते. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे सांगितले. पण ती बातमी येईपर्यंत लोकांच्या मनात जे बसायचे ते बसले होते. एका भाजीवाल्याला नाव विचारून परत पाठवलेले आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले. अशा दिवसांत चार वर्षांच्या पोरीला घराच्या चार भिंतींत ठेवणे आम्हाला शिक्षा वाटली नाही. खरे सांगायचे तर बरेच वाटले.

शिशुवर्गासाठी ज्या शाळेत नाव घातले होते तिने मोबाइलवर वर्ग सुरू केले. लेक पडद्यावरच्या बाईंना "दिसते का मी?" म्हणून विचारायची. बाई उत्तर देत नसत, कारण बाईंसमोर अशी चाळीस तोंडे असत. फी मात्र पूर्ण मागितली गेली. छापखाना बंद, पगार अर्धा. आम्ही नाव काढले.

त्या वर्षी लग्ने पुढे ढकलली गेली आणि छापून तयार असलेल्या पत्रिका कुणी न्यायलाच आले नाही. गठ्ठेच्या गठ्ठे पडून होते. मालक म्हणाले, घेऊन जा, रद्दीत तरी काय येणार. जाड, गुळगुळीत, मागून कोरे कागद. आमच्या लेकीची पाटी ती. समोरच्या बाजूला कुणाच्या तरी न झालेल्या लग्नाची तारीख आणि मागच्या बाजूला आमच्या लेकीचा अलिफ, लेकीचा अ. आजही घरात त्यातल्या शंभरेक पत्रिका जपून ठेवल्या आहेत.

शिकवायला बसलो तेव्हा पहिला प्रश्न भाषेचा आला. आपल्या समाजात हा प्रश्न नवा नाही. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हाही तो होता आणि त्याआधीही होता. पण संमेलनाच्या मांडवात तो प्रश्न वेगळा आणि चार वर्षांच्या पोरीसमोर वेगळा. ती झोपेत बोलते दखनीत. दादींबरोबर कायदा वाचते तो अरबीत. अम्मी उर्दू शिकवणार, अब्बा मराठी शिकवणार. आणि कधीतरी इंग्रजी तर हवेच.

आम्ही हट्टाने उर्दू आणि मराठी एकदमच सुरू केल्या. चूक केली की बरोबर, अजून सांगता येत नाही. दोन महिन्यांनी लेक मराठी शब्दही उजवीकडून लिहू लागली. 'घर'चे 'रघ' व्हायचे. आम्ही घाबरलो. मग आमच्यापैकी एकीला युक्ती सुचली. पत्रिकेच्या उजव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिला की उर्दू, डाव्या कोपऱ्यात लाल ठिपका दिला की मराठी. पंधरा दिवसांत गाडी रुळावर आली. पण एक दिवस तिने विचारले, "अम्मी, उर्दू उधर से लिखते, तो उर्दू के गिनतीके आकडे इधर से कायकू लिखते?" उर्दूत शब्द उजवीकडून चालतात आणि आकडे डावीकडून, हे आमच्यापैकी एकीने आयुष्यभर केले होते, पण त्याचे नवल तिला त्या दिवसापर्यंत वाटले नव्हते. शिकवणाऱ्याला शिकवते ते असे.

आता दादींचे सांगितले पाहिजे. दादींचे वडील रेल्वेत खलाशी होते. दोन्ही भावांना त्यांनी शाळेत घातले. दादींना घरी ठेवले. शेजारच्या उस्तानीबीकडे त्या कुरआन शरीफ वाचायला शिकल्या. आजही फज्रनंतर त्यांचा आवाज घरात घुमतो; उच्चार असा की ऐकत राहावे. पण रेल्वे स्टेशनवरची पाटी त्यांना वाचता येत नाही. बँकेत अंगठा. आपल्या कितीतरी घरांत अशा बायका आहेत. अक्षर त्यांना येते, पण निरक्षर म्हणून त्यांची गणती होते. त्यांचे वाचन अर्थाच्या दारापर्यंत नेऊन सोडून दिले गेले आहे.

लेकीला उर्दूचे कायदे शिकवताना दादी बाजूला लसूण सोलत असायच्या. एक दिवस म्हणाल्या, "ये तो सब मेरेकू आताच है." आणि खरेच होते. उर्दूची बहुतेक अक्षरे अरबीचीच. पे, टे, चे, डाल, ड़े, झे, गाफ अशी सातेक अक्षरे तेवढी नवी. आम्ही ती सात अक्षरे पत्रिकांवर लिहून दिली. अडचण निराळीच आली. कुरआन शरीफमध्ये प्रत्येक अक्षरावर जेर, जबर, पेश असतात. वाचणारा चुकू नये म्हणून. उर्दूच्या पुस्तकात ते नसतातच. दादी वैतागायच्या, "जेर-जबर किदर गये? ये तो अंदाजे से पढना हुआ!" सत्तरीकडे झुकलेली बाई आणि पाच वर्षांची पोर, दोघी मिळून अंदाजाने वाचायच्या. नात चुकली की दादी हसायच्या. दादी चुकल्या की नात आमच्याकडे चोरून पाहायची. सहा महिन्यांनी दादींनी उर्दू वर्तमानपत्रातला मथळा आपणहून वाचला. तो मृत्यूच्या आकड्यांचा होता. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाल्या, "पढना आया बी तो कब आया."

मकतबचा अनुभव मात्र कडू आहे. निर्बंध उठल्यावर लेकीला आम्ही संध्याकाळच्या मकतबमध्ये पाठवले. आठव्या दिवशी तिच्या तळहातावर छडीचा वळ दिसला. सबक चुकला होता म्हणे. आम्ही भेटायला गेलो. शिकवणारे तरुण होते, घरापासून शेकडो मैल दूर राहणारे. ते शांतपणे म्हणाले, "आम्हालाही असंच शिकवलं." त्यांच्यावर रागावणेही जमेना. त्यांच्या तळहातावरचा वळ कुणी पाहिला होता?

पण लेकीला परत पाठवले नाही. समाजातल्या काही बुजुर्गांना ते आवडले नाही. दीन शिकण्यासाठी दोन छड्या खाल्ल्या तर काय बिघडले, असे ते म्हणाले. त्यांना उत्तर द्यायला आम्ही पुस्तके उघडली, आणि आपल्याच घरात केवढे धन पडून आहे ते तेव्हा कळले. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये लिहून ठेवले आहे की, मुलाला सबक झाल्यावर खेळू दिले पाहिजे. सतत अभ्यासाला जुंपले तर त्याचे मन मरते आणि बुद्धी बोथट होते. इब्न खल्दूनने १३७७ मध्ये लिहिलेल्या 'मुकद्दिमा'त तर स्वतंत्र प्रकरणच आहे. कडकपणाने वाढवलेली मुले खोटे बोलायला आणि कावेबाजपणा करायला शिकतात, असा त्याचा मुद्दा. तो हेही नोंदवतो की, मगरिबमध्ये मुलांना आधी फक्त कुरआन शिकवत, तर अंदलूसमध्ये त्याच्या जोडीला कविता, भाषा आणि सुंदर अक्षर. साडेसहाशे वर्षांपूर्वी हा माणूस अभ्यासक्रमांची तुलना करत बसला होता. एका वेळी दोन विषय शिकवू नयेत असेही तो सांगतो. तेव्हा त्याने आमचीही कानउघाडणी केलीच असती.

आणि त्याही पलीकडे हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांचे वागणे आहे. नमाजमध्ये नातू पाठीवर चढला म्हणून सजदा लांबवणारे, आणि एका लहानग्याची चिमणी मेली तर थांबून त्याची विचारपूस करणारे. ज्या उम्मतला असा नमुना मिळाला त्या उम्मतच्या मकतबात छडी कुठून आली, हा प्रश्न आपण केव्हातरी मोठ्याने विचारला पाहिजे. आम्ही तो विचारला. उत्तर अजून आलेले नाही. असो.

लेकीचे नाजरा मग दादींनीच पूर्ण केले.

हिशेब मात्र ती घरात शिकली नाही, गल्लीत शिकली. आमच्या मिरजेत तंतुवाद्ये बनवणाऱ्यांची गल्ली आहे. पूर्वी हे लोक शस्त्रांना धार लावणारे शिकलगार. शस्त्रांचे दिवस सरले तेव्हा, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, त्यांनी हातातले कसब सतार-तंबोऱ्याकडे वळवले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा त्यांची नावे पेपरात आली. आमच्या लेकीला ते सगळे आधीपासून चाचा. पंढरपूर, मंगळवेढ्याकडून भोपळे येतात. आत बिया वाजणारे मोठमोठे वाळलेले भोपळे माडीवर रचलेले असतात. कोणता सतारीचा, कोणता तंबोऱ्याचा हे घेराच्या मापावरून ठरते. लेक दोरीने घेर मोजायची आणि दोरी पट्टीवर धरायची. तंबोऱ्याच्या चार तारा, तर पाच तंबोऱ्यांच्या किती? एका चाचांनी तिला जवारी दाखवली. तारेखाली सुताचा धागा इकडून तिकडे सरकवला की आवाज एकदम खुलतो. "कुठं थांबायचं ते कसं कळतं?" तिने विचारले. चाचा म्हणाले, "कान सांगतो." कुठल्या शाळेच्या वेळापत्रकात हा तास बसला असता?

हे सगळे वाचून कुणाला वाटेल की आमचे फार छान चालले होते. खरोखरच छान चालले होते. म्हणूनच दादींचे वाक्य जास्त टोचले.

घरी शिकवण्याची कल्पना अलीकडे शहरांतल्या सुशिक्षित घरांत मानाने सांगितली जाते. ज्यांच्या चार पिढ्या शाळा-कॉलेजात गेल्या ते शाळेला कंटाळू शकतात. त्यांच्या मुलाला कुणी शाळाबाह्य म्हणत नाही, प्रयोगशील म्हणतात. आपले तसे नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने दोन गोष्टी सांगितल्या. शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी शंभरात जेमतेम तीन-चार. म्हणजे सगळे मुसलमान मदरशात जातात हा समज खोटा. पण त्याच अहवालात हेही होते की, सहा ते चौदा वयोगटातल्या चारातल्या एका मुस्लिम मुलाने शाळेचे तोंडच पाहिलेले नाही किंवा मध्येच सोडली आहे. त्या चारातल्या एकाचा हिशेब डोक्यात घेऊन त्या दोन बाई पावसात आमच्या दारी आल्या होत्या. त्यांच्या नजरेला आम्ही नावे कशी ठेवायची?

आणि शाळा आपल्याला फुकट मिळालेली नाही. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपल्या आजारपणामुळे तिच्यावर कामाचा भार पडला असेल ही काळजी त्यात आहे. त्या फातिमाविषयी आपल्याला फार थोडे माहीत आहे. पण मुलींच्या शाळेच्या कामाचा भार एका मुसलमान बाईच्या खांद्यावर होता, एवढे त्या पत्रावरून दिसते. तिने उचललेला भार आम्ही खाली ठेवत होतो की काय?

आम्ही कायदाही पाहिला. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणे हे आईबापाचे कर्तव्य असे त्यातले दहावे कलम म्हणते. न घातल्यास शिक्षा मात्र सांगितलेली नाही. घरी शिकवण्याबद्दल कायदा बोलतच नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षांची वाट आहे, तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीची. म्हणजे आम्हाला कुणी अडवले नसते. अडवले ते दुसऱ्याच गोष्टीने.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात लेक शेजारच्या मैदानावर खेळायला गेली आणि रडत परत आली. खो-खोत ती आउट झाली होती आणि ते तिला मान्य नव्हते. "मी त्यांना नीट समजावून सांगितलं, तरी ते ऐकत नाहीत," ती म्हणाली. तेव्हा आमच्या ध्यानात आले की आमची पोर म्हाताऱ्यासारखी बोलते. तिचे सगळे सोबती चाळिशीच्या पुढचे. हरायचे कसे, भांडून परत खेळायचे कसे, हे तिला आम्ही शिकवलेच नव्हते. कारण आम्ही तिच्याशी खेळताना हरत होतो.

त्या रात्री जेवताना तिने विचारले, "अब्बा, हिंदू म्हणजे कोण? मैदानावरच्या मुलींनी मला विचारलं, तू हिंदू आहेस का म्हणून."

ताटावर आमचे हात थांबले. मिरजेसारख्या गावात सात वर्षांची होत आलेली मुलगी, जिच्या ओळखीत नावाने हाक मारावी असे एकही हिंदू पोर नाही. हे आम्ही केले नव्हते. आजाराने, मोहल्ल्याने, बातम्यांनी केले होते. पण दार आम्ही आतून लावून घेतले होते हे खरे.

आमच्यापैकी जो मराठी शाळेत शिकला त्याला त्या रात्री झोप आली नाही. चौथीपर्यंत त्याच्या बाकावर एका कुंभाराचा मुलगा बसायचा. दोघांत एक कंपास. कुंभाराच्या घरचा गूळपोळीचा डबा आणि आमच्या घरचा शीरखुर्मा, हे सगळे झाले. पुढे शाळा सुटली, वाटा वेगळ्या झाल्या. २००९ च्या सप्टेंबरात गणेशोत्सवातल्या एका कमानीवरच्या चित्रावरून आमच्या गावात दंगल झाली, संचारबंदी लागली. संचारबंदी सैल झाली त्या दोन तासांत गल्लीच्या तोंडाशी एक सायकल येऊन थांबली. कुंभाराचा मुलगा. हँडलला दुधाच्या चार पिशव्या. फार बोलला नाही. "आई म्हणाली देऊन ये," एवढेच. पिशव्या दिल्या आणि गेला.

तो धडा कुठल्या पुस्तकात होता? बाकावर होता. दोघांत एक कंपास होता त्यात होता. आम्ही लेकीला तीन लिप्या दिल्या, जवारी दाखवली, गझाली आणि इब्न खल्दून वाचून तिच्याशी मऊपणाने वागलो. पण बाक आम्हाला देता येत नव्हता. तो घरी बनवता येत नाही.

दादींच्या वाक्याचे उत्तरही तिथेच सापडले. त्यांच्या वडिलांनी त्यांना अक्षरांपासून दूर ठेवले होते, आम्ही लेकीला अक्षरे दिली होती, म्हणून आमची गोष्ट वेगळी, अशी आम्ही स्वतःची समजूत घालत होतो. पण दादींना अक्षरांचे दुःख नव्हतेच. ती त्या सहा महिन्यांत शिकल्या. त्यांना दुःख होते ते भाऊ दप्तर घेऊन बाहेर जायचे आणि त्या उंबऱ्यापर्यंत जाऊन थांबायच्या, त्याचे. त्या दृष्टीने पाहिले तर आम्ही वइच कर रै थे.

कुठली शाळा, यावर महिनाभर घरात खल झाला. नातेवाइकांनी इंग्रजी शाळा सुचवली, काहींनी मुस्लिम संस्थेचीच हवी म्हटले. आम्हाला बद्रच्या लढाईनंतरची गोष्ट आठवत होती. ज्या कैद्यांजवळ खंडणी द्यायला पैसे नव्हते पण लिहिता येत होते, त्यांनी मदीनेच्या दहा दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि सुटून जावे, असे ठरले होते. ते कैदी ईमानवाले नव्हते, कालपर्यंत तलवार घेऊन समोर उभे होते. तरी मुलांच्या अक्षरांसाठी त्यांच्यावर भरवसा ठेवला गेला. मग आमच्याच गावच्या गुरुजी-बाईंवर भरवसा ठेवायला आम्ही कशाला कचरायचे?

जून २०२३ मध्ये लेकीला मराठी शाळेत दुसरीत घातले. आधी कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात प्रवेश द्यावा, असे त्याच कायद्याचे चौथे कलम आहे. त्यामुळे पहिलीचा दाखला कुणी मागितला नाही. पहिल्या दिवशी दादी स्वतः चादर ओढून निघाल्या. गुडघे दुखत असताना फाटकापर्यंत चालत आल्या. आवारात त्या रजिस्टरवाल्या थोरल्या बाई भेटल्या. त्यांनी लेकीला ओळखले.

"आली का? बरं झालं. आता यादीतलं नाव काढायला सांगते."

घरी येताना दादींनी विचारले, बाई काय म्हणाल्या? आम्ही सांगितले. शाळेत न जाणाऱ्या मुलांची यादी होती, त्यात आपल्या पोरीचे नाव होते, ते आता निघेल. दादी थोडा वेळ गप्प चालत राहिल्या. मग म्हणाल्या, "हमारे वखत में कोई नाव लिख के लेने कू बी नइ आया."

त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

पहिले तीन आठवडे लेक रोज रडत घरी आली. चौथ्या आठवड्यात तिने एका मुलीशी भांडण केले आणि पाचव्यात तिच्याच डब्यातले थालीपीठ खाऊन आली. शाळा आदर्श नाही. छपराला गळती आहे, वर्गात मुले फार आहेत, सगळे काही शिकवून होत नाही. म्हणून संध्याकाळी घरची शाळा अजून भरते. लाल ठिपका, हिरवा ठिपका आता लागत नाही. पत्रिकांची मागची बाजू मात्र अजून कामाला येते. परवा त्यातल्या एका पत्रिकेवर दोन अक्षरांचे हस्ताक्षर दिसले. डाव्या कोपऱ्यात लाल ठिपका होता आणि खाली थरथरत्या हाताने तीन-चारदा 'घर' लिहिले होते. एकदा 'रघ' झाले होते, ते लेकीने खोडून बाजूला बरोबर लिहून दिले होते.